रंग एका मिरचीचा, झणका दुसरीचा

निपाणी माहेर असलेल्या आणि आता म्युनिकला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. आईनं दिलेली चटणी, म्हणजे आपलं वर्षाचं कांदा-लसणाचं तिखट, पाच-सहा महिन्यांत संपतं. तिथल्या दुकानात पॅप्रिकाचे, म्हणजे तिकडच्या लाल मिरचीच्या पुडीचे, तीन डबे दिसतात: ‘एडेलझ्युस’, ‘रोझेनशार्फ’ आणि तिसरा धुरावलेला. पहिला घालून मटणाचा रस्सा केला तर लाल झाला, पण मिळमिळीत लागला. पुढच्या खेपेला तीच पूड फोडणीत टाकली तर काळी पडून कडू झाली. तर पॅप्रिका म्हणजे आपली ब्याडगीच का? नसेल तर ती कुठं वापरावी? आणि यंदा उन्हाळ्यात आईला कोणत्या मिरच्या किती घ्यायला सांगायच्या?

आधी नेमकं उत्तर देते. पॅप्रिका ब्याडगीच्या भावकीतली आहे, पण ब्याडगी नव्हे. तिचं काम रंगाचं आणि थोड्या गोडसर चवीचं. मिरचीकडून आपण तीन कामं घेतो: रंग, तिखटपणा आणि वास. मी बेळगावात शाहापूरला बसून इतकी वर्षं मसाले करतेय, पण ही तिन्ही कामं एकटीनं नीट करणारी मिरची मला अजून भेटलेली नाही. म्हणून तर आपल्याकडं चटणीला दोन-तीन जातींच्या मिरच्या मिसळतात. तुम्ही एकाच डब्याकडून तिन्ही कामं मागितलीत, तिथं रस्सा फसला.

एक वाळलेली ब्याडगी घ्या आणि नखानं उभी फाडा. बाहेर लाल साल, आत देठाकडून खाली उतरणारी फिकट शीर आणि त्या शिरेला चिकटलेल्या बिया. सालीचा टोकाकडचा तुकडा जिभेवर ठेवला तर आधी गोडसर लागतो. शिरेचा तेवढाच तुकडा ठेवा, लगेच कळेल. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन शिरेत तयार होतं. बिया स्वतः तिखट नसतात, शिरेला लागून असतात म्हणून तिखट लागतात. रंग मात्र सालीत, कॅप्सँथिन आणि कॅप्सोरुबिन या द्रव्यांचा. गाजराला रंग देणारं कॅरोटीन याच कुळातलं. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी असल्यामुळं मिरची भडक लाल असून अजिबात तिखट नसणं किंवा फिकी असून डोळ्यांतून पाणी काढणं, दोन्ही शक्य आहे. व्यापारातही म्हणूनच दोन वेगळी मापं आहेत. तिखटपणाचं स्कोव्हिल, जे विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये काढलं, आणि रंगाचं ॲस्टा. चांगल्या ब्याडगीचा ॲस्टा आकडा दीडशेच्या आसपास असतो, गुंटूरच्या सन्नम मिरचीचा जेमतेम तीस-पस्तीस. स्कोव्हिलवर हिशोब उलटा होतो. सन्नम पस्तीस-चाळीस हजारांवर आणि ब्याडगी तिच्या कितीतरी खाली.

दुसरं लक्षात ठेवायचं ते हे की रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात नाही. चमचाभर ब्याडगीची पूड कोमट तेलात ढवळा, मिनिटभरात तेल लाल होतं. तीच पूड गार पाण्यात टाका, पाणी फार तर पिवळट होईल. रश्श्यावर तर्री येते ती यामुळं, आणि ठसका लागल्यावर पाणी पिऊन उपयोग होत नाही तोही यामुळं. दही किंवा दूध घ्या.

आता आपल्या भागातल्या मिरच्या. ब्याडगी हे हावेरी जिल्ह्यातलं गाव. पीक धारवाड, हावेरी, गदग पट्ट्यातल्या काळ्या रानात येतं आणि सौदे ब्याडगीच्या बाजार समितीत सोमवारी आणि गुरुवारी होतात. हंगामात, जानेवारीपासून मार्चपर्यंत, त्या गावाच्या अलीकडंच नाकाला कळतं. या मिरचीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचे दोन प्रकार. डब्बी आखूड आणि फुगीर असते, तिच्यात बिया जास्त आणि तिखटपणाही थोडा जास्त. मसाल्याला मी तीच घेते, कारण तिला चव आहे. कड्डी लांब, बारीक, सुरकुत्या पडलेली, बिया कमी, तिखट कमी आणि टिकायला चांगली. नुसता रंग हवा असेल, लोणच्याला किंवा भिजवून वाटायला, तर कड्डी घ्या. ब्याडगीच्या कारखान्यांतून या मिरचीचा अर्क काढतात, ओलिओरेझिन म्हणतात त्याला. तो खाद्यपदार्थांना रंग द्यायला आणि लिपस्टिकलासुद्धा जातो. यावरून रंगाची कल्पना करा.

पण बेळगावच्या रविवार पेठेत ‘ब्याडगी’ म्हणून जे पोतं उघडतात त्यात सगळी ब्याडगीच असते असं समजू नका. गेल्या काही वर्षांत बळ्ळारी, रायचूर आणि आंध्र-तेलंगणातून संकरित मिरची मोठ्या प्रमाणात येते. त्यातलं २०४३ हे वाण दिसायला ब्याडगीसारखंच, सुरकुतलेलं, लाल, वजनाला भरणारं. व्यापारी नुसतं ‘वीस त्रेचाळीस’ म्हणतात. ते वाईट नाही. रंग चांगला देतं आणि स्वस्त पडतं. वासात मात्र मार खातं. जवारी, म्हणजे देशी, ब्याडगी मुठीत चुरगाळली की सुक्या फळासारखा गोडसर वास येतो, संकरितला तो फार थोडा. भाव जवारीचा सांगितला असेल तर चुरगाळून वास घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

संकेश्वरी ही आपल्या घरची, हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरची आणि शेजारच्या गडहिंग्लज भागाची. लांब, बारीक, पातळ सालीची. रंग ब्याडगीइतका गडद नाही, पण तिखटाला आणि वासाला तोड नाही. कोल्हापुरी, निपाणीकर, बेळगावकर चटणीला जो झणका असतो तो हिचा. जवारी संकेश्वरीची लागवड आता कमी झाली आहे. रोग पडतो, तोडणीला माणूस मिळत नाही, आणि शेतकऱ्याला ऊस सोपा जातो. त्यामुळं तिचा भाव बरेचदा ब्याडगीच्याही वर असतो. परवडत नसेल तर थोडी घ्या, पण घ्या. तिच्याऐवजी गुंटूर घालून तिखटपणा येतो, तो वास येत नाही.

लवंगी म्हणजे छोटी आणि जहाल, तिचं काम फक्त तिखटपणाचं. गुंटूरच्या सन्नमचंही तेच, फक्त ती जरा सौम्य आणि बाराही महिने मिळणारी. तेजा तिच्याहून तिखट. हॉटेलवाले तीच घेतात, कारण थोड्यात भागतं. तेजाची पूड घरच्या चटणीत मला आवडत नाही. जीभ भाजते आणि चव हाती काही लागत नाही. काश्मिरी नावानं बाजारात मिळणारी बहुतेक मिरची काश्मीरची नसते, ब्याडगीच्या जातकुळीची किंवा संकरित असते. तेव्हा ‘काश्मिरी मिरची पावडर’ असं छापलेल्या पुड्याला जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. खानापूरवरून गोव्याला जाणं-येणं असेल तर काणकोणची खोला मिरची बघा. गोव्याची मंडळी मासे भरायचा रेशादचा मसाला व्हिनेगरमध्ये वाटतात त्याला ती सुरेख लागते, आणि ती मिळाली नाही तर तेही ब्याडगीच वापरतात.

आता तुमचे तीन डबे. पॅप्रिका म्हणजे ढोबळी मिरचीची पूड असं पुष्कळांना वाटतं. ती ढोबळीची नव्हे. वाळवण्यासाठीच पैदास केलेल्या पातळ सालीच्या लाल मिरच्यांची ती पूड असते. हंगेरीत सेगेड आणि कोलोचा ही दोन गावं तिच्यासाठी प्रसिद्ध आहेत. पूर्वी तिथलीही मिरची तिखट असायची आणि सौम्य पूड हवी असेल तर शिरा हातानं काढाव्या लागायच्या. पुढं गोड वाणं आली. सेगेडची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आल्बर्ट सेंट-ग्योर्गी या शास्त्रज्ञानं तिथंच पॅप्रिकाच्या ताज्या मिरच्यांतून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर काढलं, आणि त्याला १९३७ चं नोबेल मिळालं. वाळलेल्या पुडीत मात्र ते फारसं उरत नाही, तेव्हा औषध म्हणून चमचे भरून खाऊ नका.

हंगेरियन पॅप्रिकाच्या प्रती असतात, आणि जर्मन डब्यावरची नावं त्यावरूनच आलेली आहेत. एडेलझ्युस म्हणजे गोडसर, मऊ दळलेली, भडक लाल. रोझेनशार्फमध्ये शिरा आणि बियाही दळलेल्या असतात, त्यामुळं ती तिखट, रंगाला जरा मळकट. आपल्या जिभेला रोझेनशार्फसुद्धा सौम्यच वाटेल. पण आईच्या चटणीची जागा भरायची असेल तर दोन्ही डबे घ्या आणि घरात गुंटूर किंवा तेजाची छोटी पुडी ठेवा. तिथल्या भारतीय दुकानात ती मिळतेच. माझं प्रमाण असं: चार चमचे एडेलझ्युस, एक चमचा रोझेनशार्फ, एक चमचा गुंटूर. यात अर्धा चमचा भाजलेल्या धण्यांची पूड आणि थोडं भाजलेलं खोबरं वाटून घातलंत की रस्सा आपल्या वळणावर येतो. संकेश्वरीचा वास यायचा नाही. तो तिकडं मिळणाऱ्या कुठल्याच डब्यात नाही.

तिसरा डबा, धुरावलेला, हा वेगळाच माल. तो मूळ स्पेनच्या ला व्हेरा खोऱ्यातला. मिरची पिकते तेव्हा तिकडं शरदातला पाऊस आणि गारवा असतो, ऊन पुरत नाही. म्हणून शेतकरी ओकच्या लाकडाच्या मंद विस्तवावर, जाळीच्या मजल्यावर पसरून, दोन आठवडे हातानं हलवत ती वाळवतात. अडचणीतून आलेला तो धूर आता त्या मिरचीची ओळख झाला आहे. तिच्याही तीन प्रती: गोड, मधली आणि तिखट. स्पेनच्याच मुर्सिया भागात भरपूर ऊन असतं, तिथली मिरची उन्हात वाळते आणि तिला धुराचा वास नसतो. म्हणजे स्पॅनिश लिहिलेली प्रत्येक पॅप्रिका धुरावलेली नसते, डबा वाचून घ्या.

ही धुरावलेली पूड तांबड्या रश्श्यात घालू नका. खोबरं-तिळाच्या वाटणावर तिचा वास चढून बसतो आणि सगळं एकसुरी लागतं. पण तुमच्याकडं वीजेची शेगडी असेल आणि वांगं ओव्हनमध्ये भाजावं लागत असेल, तर भरतात अर्धा चमचा घालून बघा. जाळावर भाजल्याची उणीव बरीचशी भरून निघते. उकडलेल्या बटाट्यावर, अंड्यावर, मसुराच्या आमटीत वरून चिमूटभर चांगली लागते. चुलीवरच्या पिठल्याची आठवण येत असेल तर पिठल्यातही चालेल, मात्र फोडणीत नाही, उतरवल्यावर.

बाकी देशांच्या मिरच्यांबद्दल थोडंच सांगते, कारण तुमच्या स्वयंपाकात त्या रोज लागणार नाहीत. मेक्सिकोची आंचो ही वाळलेली पोब्लानो, रुंद, काळपट, मनुक्यासारख्या चवीची. ग्वाहियो लाल आणि सौम्य, भिजवून वाटायची. तिच्या जागी आपली कड्डी बिनदिक्कत वापरा. चिपोत्ले म्हणजे पिकवून धुरावलेली हालापेन्यो. तुर्कस्तानची पुल बिबेर जाडसर कुटलेली, तेलकट, किंचित आंबट असते. म्युनिकमध्ये तुर्की दुकानं भरपूर, तिथून आणून शेंगदाण्याच्या चटणीत घालून बघा, फार छान बसते. कोरियाची गोचुगारू रंगाला आणि जाडीला चांगली, किमचीखेरीज भाजलेल्या भाजीवर भुरभुरायलाही हरकत नाही.

फोडणीत पूड काळी का पडली, याचं उत्तर पॅप्रिकातल्या साखरेत आहे. गोड मिरचीत साखर जास्त आणि पूड मैद्यासारखी बारीक, त्यामुळं कडकडीत तेलात पडल्याबरोबर काही सेकंदांत करपते. आपली ब्याडगीही अशीच वागते, गुंटूर थोडी सोसते. हंगेरीत यासाठी साधा नेम आहे. कांदा चरबीत परतून झाला की भांडं आचेवरून खाली घ्यायचं, मग पॅप्रिका घालून ढवळायची, आणि लगेच पाणी किंवा मांसाचं सुटलेलं पाणी. आपल्याकडं जुन्या बायका हेच वेगळ्या रीतीनं करतात: चटणी वाटीभर पाण्यात कालवून फोडणीत ओततात. पाणी असेपर्यंत करपायची भीती नाही. ते आटत आलं की कडेनं तेल सुटायला लागतं, आणि सुटलेल्या तेलात रंग आलेला असतो. मिसळीचा कट लाल दिसण्याचं गुपित याहून मोठं नाही. खोबरं-कांद्याचं वाटण असेल तर आधी वाटण परता, तेल सुटू द्या, मग चटणी. वरून तर्री हवी असेल तर वेगळ्या पळीत तेल गरम करून आचेवरून उतरवा, जरा निवू द्या, त्यात ब्याडगीची किंवा पॅप्रिकाची पूड घाला आणि रश्श्यावर ओता. तेलातून धूर निघत असताना घातलीत तर पुन्हा तेच होईल.

अख्खी मिरची वापरायची असेल तर हिशोब वेगळा. वरणाच्या फोडणीत एखादी ब्याडगी मोडून टाका, फक्त फुगेपर्यंत. काळपट झाली की तिचं काम संपलं. रश्श्याला रंग हवा तर पाच-सहा कड्डी बिया झटकून गरम पाण्यात अर्धा तास भिजवा आणि वाटणातच बारीक वाटा. पूड घालून जो रंग येतो त्याहून हा रंग दाट, आणि रश्श्याला थोडी जाडीही येते. तुमच्या भागातला रंजकाही याच ओळीतला, फक्त तो वाळलेल्या मिरचीचा नव्हे. हिवाळ्यात ओली लाल मिरची मिळते तेव्हा ती मीठ, मेथी, लिंबाचा रस घालून वाटून मुरवायची. भाकरी, रंजका आणि वर लोण्याचा गोळा, यापुढं मला तरी दुसरं काही लागत नाही. म्युनिकला पिकलेली लाल तिखट मिरची मिळाली तर करून बघा. मिठात कंजूसपणा नको, नाहीतर बुरशी येते.

कारळ आणि जवस यांच्या कोरड्या चटण्यांना मी ब्याडगी आणि गुंटूर निम्मी-निम्मी घेते. कैरीच्या लोणच्याला मात्र निव्वळ ब्याडगी. मोहरी आधीच झणझणीत असते, शिवाय वर्षभर तेलात राहायचं म्हणजे रंग तेलात उतरणारच, तो देखणा उतरू दे.

आता आईसाठी. वर्षाच्या चटणीला एक किलो मिरची धरली तर अर्धा किलो ब्याडगी डब्बी, ३०० ग्रॅम संकेश्वरी, २०० ग्रॅम लवंगी किंवा गुंटूर. घरात लहान मुलं असतील तर ब्याडगी ७०० ग्रॅम आणि उरलेली ३०० ग्रॅम सगळी संकेश्वरी, लवंगीला सुट्टी. वजन देठं काढल्यानंतरचं धरा. एवढ्या मिरचीला पाव किलो धणे, पाव किलो सुकं खोबरं, १०० ग्रॅम तीळ, ५० ग्रॅम खसखस, उभा चिरून उन्हात कडक वाळवलेला अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, २०० ग्रॅम खडेमीठ, आणि दालचिनी, लवंग, मिरी, दगडफूल, वेलदोडा, जिरं वगैरे मिळून १०० ग्रॅमच्या आत. गरम मसाला यापुढं वाढवला की मिरची मागं पडते. बेळगावात हल्ली चटणी काळपट आणि औषधासारखी लागते ती या हौसेपायी. तुमच्यापैकी कुणाचं माणूस आखाती देशात असेल तर त्यांच्या चटणीत खसखस घालू नका, तिथं ती न्यायला बंदी आहे. जर्मनीला ती अडचण नाही.

मिरची मार्चमध्ये घ्यावी, नवा माल तेव्हा भरपूर असतो आणि ऊनही कडक. घरी आणून दोन-तीन दिवस उन्हात कडकडीत वाळवायची. विकताना काही ठिकाणी मिरचीवर पाणी मारून वजन वाढवलेलं असतं, तशी मिरची मुठीत दाबली तर चामड्यासारखी वाकते, मोडत नाही. नीट वाळलेली असली की हलवल्यावर आतल्या बिया खुळखुळतात. पोत्याच्या वरची नको, हात आत घालून काढलेली बघा आणि दोन-चार फाडून आत डोकावा. आत बुरशी दिसली तर ते पोतं सोडा, काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि भाजून ते जात नाही. सालीवर पांढरे-पिवळे डाग पडलेल्या मिरचीला फटकी म्हणतात. तयार पुड्या स्वस्तात मिळतात त्यात ही फटकी आणि देठं खपतात, मग रंग कुठून आणायचा? २००३ मध्ये युरोपात भारतातून गेलेल्या मिरचीच्या पुडीत सुदान-१ हा कापडाचा नाहीतर मेणाचा रंग सापडला आणि तिकडं मोठा गोंधळ झाला, तो याच प्रकाराचा. सुदान तेलात विरघळणारा आहे, त्यामुळं घरच्या पाण्याच्या परीक्षेत तो पकडला जात नाही. पाण्यात विरघळणारे स्वस्त रंग मात्र कळतात. पेलाभर पाण्यावर पूड भुरभुरवा. लगेच लाल रेषा खाली उतरायला लागल्या तर रंग बाहेरचा. तळाशी खरखरीत गाळ बसला तर विटेची भुकटी. सगळ्यात खात्रीचं म्हणजे अख्खी मिरची घेऊन डोळ्यांसमोर कुटून आणणं.

कुटायला डंकावर, म्हणजे मुसळानं कुटणाऱ्या यंत्रावर, द्यावं, चक्कीवर नाही. चक्कीत पूड तापते, हात लावला तर चटका बसतो, आणि त्या उष्णतेत वास उडून जातो. डंकाला वेळ लागतो, पण चटणी कोमटच राहते. त्याआधी मिरची थेंबभर तेलावर मंद भाजायची, रंग बदलू न देता, नुसती खुसखुशीत होईपर्यंत. खिडक्या उघड्या ठेवा आणि म्हाताऱ्या माणसांना त्या वेळी शेजारी पाठवा, मिरचीची खाट, म्हणजे ठसका लावणारा धूर, उठली की दम्याच्या माणसाचे हाल होतात. हाताला आग सुटली तर आधी गोडं तेल चोळायचं, मग साबण. नुसत्या पाण्यानं हात धुतले तर आग पसरते.

म्युनिकमध्ये डंक मिळणार नाही. पण तुम्ही आईकडून कुटलेली चटणी निम्मी आणि अख्ख्या मिरच्या निम्म्या न्या, असं मी सांगेन. रंग आणि वास पुडीतून लवकर उडतात, अख्ख्या मिरचीत कितीतरी जास्त टिकतात. उजेड आणि हवा हे रंगाचे वैरी. ओट्यावर काचेच्या बरणीत ठेवलेली चटणी खिडकीच्या बाजूनं आधी फिकी पडलेली दिसते. म्हणून चटणी छोट्या पाकिटांत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये ठेवा आणि महिन्याला लागेल तेवढीच बाहेर काढा, गार पाकीट मात्र खोलीच्या हवेला आल्याशिवाय फोडू नका, नाहीतर आत दमट होऊन गोळे होतात. अख्ख्या मिरच्या संपत आल्या की मूठभर घेऊन तव्यावर शेकवा, गार करा, आणि मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलंत तर भांडं तापतं आणि चक्कीचंच काम घरात होतं. फिरवून झाल्यावर झाकण लगेच उघडू नका, दहा मिनिटं धुरळा खाली बसू द्या.